बावीस राहिल्या

शेवटच्या रविवारी बाबांनी तिच्याकडे मागून मागितलं काय, तर दोन बोटं.

"शिकाऊ, इकडे ये. जरा कडं धर."

ती ओट्याशी उभी राहून त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरत होती. सोमवार सकाळ, सोमवार रात्र, मंगळवार सकाळ. केसांत पांढरं दिसायला लागलेल्या शेहेचाळीस वर्षांच्या बाईला कुणी शिकाऊ म्हणतं का, असं बाहेरच्याला वाटलं असतं. पण ती अकरा वर्षांची असल्यापासून बाबा तिला याच नावाने हाक मारत आले होते, आणि तीही त्याला 'ओ' देत आली होती.

"आलेच. गुरुवारपर्यंत आलेय."

"गुरुवार कुठे पळून जातोय? इथे पेन वाळतंय."

खिडकीजवळच्या टेबलावर बोर्ड, बोर्डावर कागद आणि कागदावर हाताच्या पंजाएवढं एक पारदर्शक कडं मांडलेलं होतं. कड्याला आतून दाते, मोजून शहाण्णव. कड्याच्या पोटात एक छोटं दातेरी चाक आणि त्या चाकाला भोकं. एका भोकात पेनाचं टोक रोवायचं आणि दात्यांत दाते घालून चाक कड्याच्या आतल्या आत फिरवत राहायचं. पेन आपोआप पाकळी काढतं, मग दुसरी, मग तिसरी. ठरलेल्या फेऱ्या झाल्या की रेघ जिथून निघाली तिथेच परत येऊन मिळते, फूल मिटतं. खेळण्यांच्या दुकानात याचे खोके मिळतात. बाबांचं कडं मात्र दुकानातलं नव्हतं, ते त्यांनी स्वतः कापलं होतं. त्यांचा धंदाच तो. चाळीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात दातेरी चाकांचे दाते पाडले.

पूर्वी ते एका हाताने कडं दाबून धरत आणि दुसऱ्याने चाक फिरवत. दोन वर्षांपासून डावा हात थरथरायला लागला होता, आणि कडं केसभर जरी सरकलं तरी सगळं फूल वाया जातं. म्हणून दोन बोटं.

ती हात पुसत येऊन स्टुलावर बसली. कड्यावर डाव्या हाताची दोन बोटं दाबली, उजव्या हातात फोन घेतला.

"कुठलं चाक?"

"बावन्नचं."

ती हसली. "ते चुकलेलं? बाबा, ते काही मिटायचं नाही."

"बघू या."

चाक फिरायला लागलं. बारीक कुरकुर आवाज होई. एक फेरी झाली की बाबा चाक न हलवता पेन्सिल उचलत, कागदाच्या कडेला एक उभी रेघ मारत. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. त्यांचा उजवा हात अजून लोखंडासारखा स्थिर होता.

"हे का मिटत नाही, माहितीये तुला?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"तुम्ही चुकलात म्हणून." त्या घरात हे वाक्य पस्तीस वर्षं ज्या सुरात म्हटलं जायचं, त्याच सुरात ती म्हणाली. फोनवर कुणीतरी कुणाच्या तरी नव्या घराचे फोटो टाकले होते.

"हं," बाबा म्हणाले आणि आणखी एक रेघ मारली.

चारच्या सुमाराला तिने घड्याळ पाहिलं. "बाबा, मी निघू का? उद्या प्रुफं द्यायची आहेत." प्रुफं शनिवारीच देऊन झाली होती. तिला फक्त घरी जाऊन पाय पसरून पडायचं होतं, आणि तेवढं साधं कारण बापाला सांगवत नाही म्हणून माणूस कामाचं नाव घेतो.

"निघ की." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बावीस राहिल्या."

"पुढच्या रविवारी करू."

"पुढच्या रविवारी." चाक होतं तसंच ठेवून त्यांनी कड्यावर दोन्ही बाजूंनी लोखंडाचे दोन ठोकळे ठेवले, म्हणजे काही हलायला नको.

ती अर्धा जिना उतरली तेव्हा वरून हाक आली. "अगं, शुक्रवार-शनिवार रिकामेच आहेत!"

"तुम्हीच भरा! बस येईल माझी!"

मंगळवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंचा फोन आला. रोज सकाळी बाबा जिन्यातून त्यांना हाक मारून किती वाजले ते विचारत, घरात तीन घड्याळं असताना. मंगळवारी हाक आली नाही म्हणून काकू वर गेल्या. बाबा पलंगावर होते, कुशीवर, झोपेतच गेलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. ओट्यावरच्या डबीत सोमवार रिकामा होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार भरलेले, आणि शुक्रवार-शनिवार तिने ठेवले होते तसेच.

*

त्या बावन्नच्या चाकाची गोष्ट अशी.

ती अकरा वर्षांची असताना वर्गातल्या एका मुलीकडे असा खोका आला आणि मग एकेकीकडे येत गेला. हिने घरी दातांच्या कण्या केल्या. शेवटी बाबा तिला घेऊन दुकानात गेले, खोका उघडायला लावला, एक चाक उचललं आणि त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"हे दाते नाहीत," ते दुकानदाराला म्हणाले, "या हिरड्या आहेत."

"साहेब, घ्यायचं तर घ्या. पोरांचा खेळ तो."

"पोरांचा खेळ म्हणून बोळकं विकायचं?"

घरी येताना ती रस्ताभर रडली. तिला चांगले दाते नको होते, इतर मुलींसारखा खोका हवा होता. पण पुढच्या तीन सुट्ट्यांच्या दिवशी बाबा मालकाची परवानगी काढून तिला कारखान्यात घेऊन गेले, आणि तिथेच तिला ते नाव मिळालं: शिकाऊ.

कारखाना सुट्टीच्या दिवशी वेगळाच असे. यंत्रं झाकलेली, पावलांचा आवाज छतापर्यंत जायचा, आणि तेलाचा वास. टाकाऊ प्लास्टिकच्या जाड पत्र्यातून बाबांनी आधी कडं केलं, मग चाकं. चोवीसचं, बत्तीसचं, साठचं. जितक्या दात्यांचं चाक कापायचं, तितक्याच आकड्याचं एक लोखंडी चाक यंत्राच्या मागच्या बाजूला चढवावं लागे. मग यंत्र निमूटपणे तेवढेच दाते पाडी. ही लोखंडी चाकं भिंतीवर ओळीने खुंट्यांना टांगलेली असत. प्रत्येक खुंटीखाली रंगाने आकडा, आणि प्रत्येक चाकावर ठोकलेला आकडा. हवं ते चाक आणून द्यायचं, हे शिकाऊचं काम.

"खुंटीकडे बघायचं नाही," बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "चाकावरचा आकडा वाचायचा. खुंटी काय, कुणी काहीही टांगतं."

दुसरा नियम कागदासमोरचा: आधी पाकळ्या सांग, मग पेन टेक. शहाण्णवच्या कड्यात साठचं चाक. दोघांना बाराने भाग जातो, म्हणून आठ पाकळ्या, पाच फेऱ्या. ती बोटांवर मोजून सांगायची, बाबा चाक फिरवायचे, आणि पाचव्या फेरीला रेघ खरोखरच जागेवर येऊन मिळायची. ती आनंदाने टाळ्या वाजवी. बाबा नुसते म्हणत, "आता यात टाळ्या कसल्या? आकडा आहे तो. येणारच."

तिसऱ्या सुट्टीला शेवटचं चाक होतं, बावन्नचं. त्या दिवशी जादा कामाला आलेले बाबांचे दोन सोबती बघायला जमले होते.

"शिकाऊ, बावन्न आण."

ती धावत गेली. बावन्न नंबरच्या खुंटीवरचं चाक दोन्ही हातांनी उचललं आणि धावत आणून दिलं. बाबांची एक सवय कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती: दुसऱ्या कुणाच्या हातून आलेल्या चाकावरचा आकडा ते अंगठ्याने चाचपल्याशिवाय पुढे जात नसत. मुकादमाने दिलं तरी चाचपत. तिच्या हातून मात्र त्यांनी चाक घेतलं आणि सरळ चढवलं.

चाक कापून झालं. बाबांनी त्यावर सुईने ५२ कोरलं, उजेडासमोर धरलं आणि सोबत्यांना म्हणाले, "यात माझं काम निम्मं. निम्मं शिकाऊचं."

तेव्हा ती लोखंडी चाक परत टांगायला गेली होती. तेल फार लागलं होतं म्हणून तिने चिंधीने पुसलं, तर खालून आकडा निघाला. त्रेपन्न. शेजारच्या त्रेपन्नच्या खुंटीवर बावन्न टांगलेलं होतं. कुणीतरी अदलाबदल केली होती, आणि तिने खुंटी बघितली होती.

तिने वळून पाहिलं. बाबा अजून चाक उजेडात फिरवत होते, आणि सोबत्यांपैकी एक म्हणत होता, "पोरगी बापावर गेलीय हो." तिने दोन्ही चाकं आपापल्या खुंट्यांवर टांगली. सगळं जागच्या जागी. मग तोंडात मिठाची गुळणी धरून ती त्यांच्यात येऊन उभी राहिली.

त्याच संध्याकाळी मामा आला होता. मामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ, बसमध्ये कंडक्टर. त्याचा आवाज घरातसुद्धा शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. सगळे टेबलाभोवती बसले. शहाण्णव आणि बावन्न, दोघांना चाराने भाग जातो; चोवीस पाकळ्या, तेरा फेऱ्या. तिने सांगितलं, कारण सांगायचंच असे. चाक फिरायला लागलं. बावन्नच्या मापाच्या चकतीवर त्रेपन्न दाते बसलेले, त्यामुळे ते कड्यात जरा सैल चाले. तेराव्या फेरीला पेन भलत्याच ठिकाणी होतं. बाबांनी नवा कागद घेतला. पुन्हा तेच.

"काय भावजी," मामा म्हणाला, "जगाचे दाते पाडता पाडता घरी येऊन आपलेच दात पडले?"

आई खुर्चीवर वाकून वाकून हसली. मामाला आणखी चेव आला. "आणि म्हणे बावनकशी कारागीर!"

बाबांनी चाक कड्यातून काढून हातात घेतलं. त्याच्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवला. एक पूर्ण वळसा. मग क्षणभर त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती कागदाकडे बघत होती.

"चुकलो कुठेतरी," बाबा म्हणाले.

"मग दुसरं करा," आई म्हणाली.

"राहू दे. घरात एखादं चुकलेलं असावं."

त्या दिवसापासून त्या घरात जे जे संपायचं नाव घेत नाही, ते सगळं 'बावन्न' झालं. ती न्हाणीघरात फार वेळ लावायला लागली की आई दार वाजवी, "तुझं बावन्न चाललंय का आत?" शिंपीणकाकू सासूच्या तक्रारी सांगायला बसल्या की बाबा हळूच म्हणत, "बावन्न." तिचं लग्न ठरता ठरता राहिलं, पुन्हा ठरलं, पुन्हा राहिलं, तेव्हाही मामा एकदा हा शब्द बोलून गेला आणि मग स्वतःच जीभ चावली.

दोन-तीन आठवड्यांनी ती डबा द्यायला कारखान्यात गेली तेव्हा भिंतीवरच्या खुंट्यांखालचे आकडे खरवडून काढलेले होते. सगळे.

"आकडे कुठे गेले?"

"मी काढले," बाबा म्हणाले. "आकडा चाकावर असतो. खुंटीवर कशाला पाहिजे? उगाच माणसाची फसगत."

तिने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. पण बाबा डबा उघडून भाजी कसली आहे ते बघत होते, आणि मग तिने स्वतःची समजूत घातली की हे असंच, सहज. सांगायचंच असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. पुढे ते अवघड होत गेलं. एक वर्ष गप्प राहिलं की दुसऱ्या वर्षी चुकीआधी त्या गप्प राहण्याबद्दल बोलावं लागतं. ती मोठी झाली, पुस्तकांची मुद्रितं तपासायला लागली, लोकांच्या चुका शोधून समासात खुणा करणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा झाला. नावाजलेल्या लेखकांना ती न बिचकता फोन करून सांगे, पान अमुक, ओळ तमुक, इथे तुमचं चुकलंय. आणि दर रविवारी बापाच्या घरी जाऊन त्या चाकाला चुकलेलं चाक म्हणे.

*

बाबा गेल्यावर लोक भेटायला आले. माणसं बसायला खुर्च्या कमी पडल्या म्हणून शिंपीणकाकूंनी आपल्याकडची बाकं वर पाठवली. कुणाला काय बोलावं सुचत नव्हतं. अशा वेळी मामाच बोलतो. आता तोही ऐंशीला आला होता, पण आवाज तोच.

"आमच्या भावजींनी आयुष्यात लाखोंनी दाते पाडले," तो म्हणाला. "चुकला फक्त एक. आणि तोही कुठे? घरात, पोरीच्या खेळण्यात!"

मग त्याने सगळी गोष्ट सांगितली, हिरड्यांपासून बावनकशीपर्यंत. लोक हसले. मंगळवारनंतर त्या खोलीत प्रथमच कुणीतरी हसलं, आणि ते हसणं मायेचंच होतं. त्यात कुणाला काही खुपावं असं नव्हतं. ती दाराशी उभी होती. तिला वाटलं, झालं, आता हेच उरणार. उद्या कुणी बाबांची आठवण काढली तर लाख चाकं कुणाला आठवणार नाहीत, एक आठवेल.

कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्या दिवशी कारखान्यात असलेल्या दोन सोबत्यांपैकी ते एक.

"मी होतो ना तिथे," ते म्हणाले. "पण मला अजून पटत नाही. तो माणूस चुकणारा नव्हता." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "काय गं? तूही होतीस की."

सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले.

"चहा ठेवू का सगळ्यांना?" ती म्हणाली.

चहा कुणालाच नको होता. तरी तिने केला, आणि ओट्याशी उभी राहून आधण उकळताना बघत राहिली. शेजारीच गोळ्यांची डबी होती.

*

घर महिनाअखेर मालकाला परत द्यायचं होतं. मधले रविवार ती नेहमीच्या बसने येत राहिली. यायचं काही कारण नव्हतं, पण रविवारचं दुसरं काही करायची सवयच राहिली नव्हती. यायची, खिडक्या उघडायची, स्टुलावर बसायची, खिडक्या लावून जायची. आधीच गेलेल्या आईची भांडी, बाबांचे सदरे, तीन घड्याळं. टेबलाला तिने हात लावला नव्हता. कागद, कडं, चाक, पेन आणि ते दोन लोखंडी ठोकळे त्यांनी ठेवले तसेच होते, वर धुळीचा पातळ थर.

शेवटच्या रविवारी मात्र टेबलही रिकामं करणं भाग होतं. मामा बाराला टेम्पो घेऊन येणार होता. ती साडेनऊलाच आली.

फुंकर मारून तिने धूळ उडवली आणि कागदाच्या कडेच्या रेघा दिसल्या. उभ्या चार, आडवी एक. असे सहा जुडगे आणि वर एक सुटी रेघ. सवयीने तिने मोजल्या. एकतीस.

बावीस राहिल्या, बाबा म्हणाले होते.

ती स्टुलावर बसली. एकतीस आणि बावीस. तिने ती बेरीज दोनदा केली, जणू दुसऱ्यांदा वेगळी येणार होती. बावन्नच्या चाकाच्या तेराच फेऱ्या असतात. तेरानंतर कुणीही थांबतं. बाबा एकतीसपर्यंत गेले होते आणि पुढे बावीस हव्यात हे त्यांना ठाऊक होतं. त्रेपन्न आणि शहाण्णव, दोघांना एकाच वेळी कुठल्याच आकड्याने भाग जात नाही. त्रेपन्न दात्यांच्या चाकाला त्रेपन्न फेऱ्या लागतात, त्याआधी ते मिटत नाही.

त्रेपन्न हा आकडा या घरात फक्त आपल्याला माहीत आहे, असं ती पस्तीस वर्षं समजत होती.

आता एकेक गोष्ट समोर यायला लागली. कडेवरून फिरलेला अंगठा. ज्या अंगठ्याला न बघता आकडा वाचता येई, त्याला त्रेपन्न दाते मोजता आले नसते? आणि बावन्न कापायला घेतलेल्या यंत्रातून त्रेपन्न निघतात ते एकाच प्रकारे, मागे चढवलेलं चाक दुसरं असेल तर. चाक कुणी आणून दिलं होतं, हे त्यांना काय आठवावं लागणार होतं? त्यांनी घरी कुणाला काही सांगितलं नाही. खुंट्यांखालचे आकडे खरवडून काढले आणि दोष खुंटीवर टाकला. मग पस्तीस वर्षं मेहुण्याची थट्टा ऐकून घेतली, स्वतःही हसले. आणि शेवटच्या रविवारी, मान वर न करता, विचारलं: हे का मिटत नाही, माहितीये तुला?

तिने ठोकळे बाजूला केले. स्टूल सोडून ती बाबांच्या खुर्चीवर बसली, डाव्या हाताने कडं दाबलं आणि पेनाचं टोपण काढलं. पेन महिनाभर पडून होतं, तरी दुसऱ्या कागदावर दोन वेळा घासल्यावर चाललं. तिने ते त्याच भोकात टेकवलं.

एकट्याने जमत नव्हतं. सैल चाक कड्याच्या दात्यांवर घासे, उसळी मारायला बघे. एक फेरी करायला पाच मिनिटं लागली. तिने रेघ मारली. दुसरी. तिसऱ्या फेरीला कडं सरकता सरकता राहिलं. तिने चाक थांबवलं आणि तळहाताने कडं दाबून धरलं.

"दार उघडंच?" जिन्यातूनच आवाज आला. मामा अकरालाच आला होता, काखेत दोऱ्यांची गुंडाळी, मागे हमालाने आणून टाकलेले रिकामे खोके. "अगं, काही बांधलंच नाहीस! टेम्पोवाला खाली कोकलतोय आणि तू रेघोट्या काय मारत बसलीयस?"

"मामा, जरा कडं धरा."

"काय धरू?"

"कडं. दोन बोटं ठेवा फक्त. दाबून."

मामाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोऱ्यांची गुंडाळी खाली ठेवली. स्टूल ओढून बसला, दोन जाडजूड बोटं कड्यावर ठेवली.

"हे ते बावन्न ना?"

"हो."

"मग संध्याकाळ होईल." दुसऱ्या हातावरचं घड्याळ त्याने डोळ्यांजवळ नेलं. "टेम्पोवाला तासावर पैसे घेतो, सांगून ठेवतो."

चाक आता नीट चालायला लागलं. पस्तीस, छत्तीस. सदतिसाव्या फेरीला रेघ आरंभाच्या इतकी जवळ आली की मामा स्टुलावरच उडाला.

"मिटलं की गं!"

"हलू नका. नाही मिटलेलं. एका दात्याने हुकलंय."

"एका दात्यासाठी कोण बघायला येतंय? इथेच थांबव, दिसतंय छान."

"अजून सोळा आहेत."

"तुला काय माहीत सोळा?"

चाक फिरत राहिलं. खालून टेम्पोवाल्याने दोनदा भोंगा वाजवला, मामाने बसल्या जागेवरून खिडकीतून एवढ्या जोराने "थांब!" म्हटलं की भोंगा पुन्हा वाजला नाही. रेघांच्या मधल्या फटी भरत चालल्या होत्या, आणि प्रत्येक नवी पाकळी बरोबर दोन जुन्या पाकळ्यांच्या मधे जाऊन बसत होती. कुठेही एक दुसरीवर चढत नव्हती. मामाने घड्याळाकडे बघायचं सोडलं.

एकावन्न. बावन्न.

शेवटची फेरी तिने फार सावकाश केली. पेन वळसा घेऊन आलं आणि एका महिन्यापूर्वी बाबांनी जिथे टेकवलं होतं त्या ठिपक्यात शिरलं. रेघ संपली. तिने पेन उचललं, कागदाच्या कडेला शेवटची रेघ मारली आणि कडं काढून घेतलं.

मामाची बोटं कड्याच्या दाबाने पांढरी पडली होती. ती चोळत तो कागदावर वाकला.

"आईशप्पथ," तो हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाज तिने फारसा ऐकला नव्हता. "मिटलं. भावजींचं चुकलेलं चाक मिटलं." मग पुन्हा वाकून पाकळ्या मोजायला लागला, तिसाच्या आसपास चुकला, पुन्हा सुरुवात केली आणि सोडून दिलं. "पण हे असं कसं? चुकलेलं होतं ना ते? मी आयुष्यभर त्यांना..." तो थांबला. "भावजींना माहीत होतं का गं, की हे मिटतं?"

"होतं."

"मग बोलले का नाहीत? मी इतकं बोललो. परवा लोकांसमोरसुद्धा बोललो."

चाक तिच्या हातात होतं. तिने ते फिरवून अंगठा कडेवर ठेवला आणि एक पूर्ण वळसा घेतला. दाते बारीक, एकसारखे, बोटाला कुठेही न बोचणारे. वर बाबांच्या हाताने कोरलेलं ५२.

"ते चुकले नव्हते, मामा," ती म्हणाली. "हे बावन्नचं नाहीच. त्रेपन्नचं आहे. यंत्रावर चढवायचं चाक मी आणून दिलं होतं, आणि मी चुकीचं आणलं. परत टांगताना मला कळलंसुद्धा. तेव्हा बोलले नाही, मग कधीच बोलले नाही."

मामा तिच्याकडे बघत राहिला. आपलं बोलून झालं, असं तिला वाटलं होतं. पण झालं नव्हतं. हे मामाला सांगायचं नव्हतंच. त्या खोलीत, बापाच्या खुर्चीवर बसून, स्टुलावरच्या मामाकडे न बघता, तिने ते जिथे सांगायचं होतं तिथे सांगितलं.

"मी खुंटी बघितली, बाबा. आकडा वाचलाच नाही."